‘हे म्हणणे खरे नाही की…’ : उलटतपासणीचे शिक्षण आणि रंगमंचावरचे कोर्ट

माझ्या आईने आयुष्यात एकदाच कोर्टात साक्ष दिली. साल २००९. दावा वाटणीचा होता आणि वादाचे मूळ एक विहीर होती. ती वडिलांनी स्वतःच्या कमाईतून खोदली की एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून, एवढाच प्रश्न. समोरच्या वकिलांनी विचारले, ‘तुमच्या यजमानांनी विहिरीत स्वतःचा पैसा घातला नव्हता ना?’ आई ठामपणे म्हणाली, ‘नाही.’ तिच्या मनात होते : नाही, तुम्ही म्हणता तसे नाही. कागदावर उतरले ते असे : ‘माझ्या पतीने विहिरीसाठी स्वतःचे पैसे घातले नव्हते.’

आमचे वकील तरुण होते, अभ्यासू होते. त्यांनी एक प्रश्न विचारला असता तर घोटाळा तिथेच निस्तरला असता. साक्षीच्या शेवटी मात्र तीन शब्द टंकित झाले : ‘फेरतपासणी केली नाही.’ साक्ष आईला वाचून दाखवली गेली, पण दुपारच्या सुट्टीची वेळ झाली होती आणि वाचणाऱ्याला घाई होती. तिने सही केली. परतीच्या एस.टी.त तिने मला विचारले, ‘मी बरोबर बोलले ना रे?’ पुढे दावा तडजोडीत मिटला आणि विहीर सामाईक राहिली. त्या एका ‘नाही’मुळेच तसे झाले असे मी म्हणणार नाही. पण तडजोडीच्या बैठकीत समोरची बाजू तेच वाक्य बोटाने दाखवत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मी वकील नाही. बारावीनंतर टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या आणि तालुक्याच्या कोर्टाबाहेर सव्वीस वर्षे टेबल टाकून बसलो. अर्ज, शपथपत्रे आणि अपिलासाठी साक्षींच्या नकला व त्यांची इंग्रजी भाषांतरे हे माझे काम. कायदा शिकलो तो या नकला वाचत, आणि जिथे अडलो तिथे वकिलांना चहा पाजून. वाचनाची सवय साहित्याची असल्यामुळे साक्षीकडेही मी गद्याचा एक प्रकार म्हणून पाहू लागलो. या लेखातला प्रश्न त्या वाचनातून आला आहे : साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा, हे आपण कायद्याच्या विद्यार्थ्याला कुठे शिकवतो?

१. साक्ष नावाचे गद्य

आपल्या खालच्या कोर्टातली साक्ष ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साक्षीचे तीन भाग असतात. ज्या पक्षाने साक्षीदार आणला त्याचा वकील घेतो ती सरतपासणी, समोरचा घेतो ती उलटतपासणी, आणि उलटतपासणीत निघालेल्या गोष्टींचा खुलासा करण्यासाठी पुन्हा पहिल्या वकिलाने घ्यायची ती फेरतपासणी. १८७२च्या पुरावा कायद्यात हा क्रम होता आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तोच आहे. दिवाणी दाव्यात २००२च्या दुरुस्तीनंतर सरतपासणी शपथपत्रावर येते. म्हणजे साक्षीदाराची कहाणी वकिलाच्या कचेरीत, वकिलाच्या भाषेत लिहिली जाते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून स्वतःच्या तोंडाने बोलू लागतो तो थेट उलटतपासणीत.

आणि तिथेही त्याचे बोलणे जसेच्या तसे उतरत नाही. प्रश्न वकील विचारतो, उत्तर साक्षीदार देतो, आणि न्यायाधीश दोन्हींचे मिळून एक वाक्य करून टंकलेखकाला सांगतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात ही रीत प्रेक्षकांनी पाहिली असेल. तिथे न्यायाधीशांचे एकसुरी सांगणे ऐकता ऐकता समोर कोणाचे तरी आयुष्य पणाला लागले आहे, याचा विसर पडू लागतो. एखादा महत्त्वाचा प्रश्न आणि त्याचे उत्तर शब्दशः नोंदवण्याची मुभा कायद्याने न्यायाधीशाला दिली आहे. वकिलाने आग्रह धरला तर तसे होतेही. मी टंकित केलेल्या नकलांत मात्र हा आग्रह क्वचितच दिसला. बहुतेक ठिकाणी प्रश्न नाहीसा झालेला असतो आणि उत्तर तेवढे उरते, ज्यात प्रश्नकर्त्याचे शब्द साक्षीदाराच्या तोंडी गेलेले असतात.

या गद्याचे पालुपद म्हणजे ‘हे म्हणणे खरे नाही की’. वकील आपली बाजू साक्षीदारापुढे एकेक करून ठेवतो, साक्षीदार एकेक नाकारतो आणि पानभर ही वाक्ये साचतात. यामागे तत्त्व आहे. ज्या गोष्टीबद्दल तुम्ही पुढे साक्षीदाराला खोटे ठरवणार, ती आधी त्याच्यापुढे ठेवून त्याला उत्तराची संधी द्यावी, हा १८९३च्या ‘ब्राउन विरुद्ध डन’ या इंग्रजी निवाड्यातला न्याय्य विचार. आपल्याकडे त्याचा विधी उरला आहे. ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी हजर नव्हतो’ या वाक्यात नकारावर नकार आहे. ते समजायला मला, रोज वाचणाऱ्याला, क्षणभर थांबावे लागते. पिंजऱ्यातल्या बाईला कोण थांबू देणार?

२. तीस, तीस, तीस आणि दहा

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या कायदेशिक्षण नियमांत प्रात्यक्षिकाची एक सक्तीची विषयपत्रिका आहे. तिचे १०० गुण असे वाटलेले आहेत : अभिरूप न्यायालयासाठी ३०, दोन खटले (एक दिवाणी, एक फौजदारी) पाहून त्यांची नोंद ठेवण्यासाठी ३०, पक्षकाराची मुलाखत आणि खटल्याची पूर्वतयारी यांसाठी ३०, आणि तोंडी परीक्षेचे १०.

ही वाटणी वरवर चोख आहे. पण यातली क्रियापदे पाहावीत. खटला ‘पाहायचा’ आहे. पक्षकाराची मुलाखत वकील घेतो, ती ‘पाहायची’ आहे. कागदपत्रे कशी तयार होतात तेही ‘पाहायचे’ आहे. विद्यार्थी स्वतः उभा राहून बोलतो तो फक्त अभिरूप न्यायालयात. आणि तिथे साक्षीदारच नसतो. घडलेल्या गोष्टी छापील कागदावर आधीच ठरवून दिलेल्या असतात, वाद असतो तो कायद्याच्या अर्थाचा. विद्यार्थी काळा कोट घालून ‘माय लॉर्ड’ म्हणत निवाड्यांचे दाखले देतो, परीक्षक मधून मधून अडवतात, करंडक मिळतो. हे सगळे उपयोगाचे आहे, पण ते अपिलाचे शिक्षण आहे. उच्च न्यायालयात जाणाऱ्याला ते पुरेल. तालुक्याच्या कोर्टात लढा असतो तो नेमके काय घडले याचा, आणि ते साक्षीदाराच्या तोंडून काढावे लागते.

‘प्रात्यक्षिक ज्येष्ठांच्या हाताखाली शिकायचे असते,’ असे मला अनेक वकिलांनी सांगितले. हा मुद्दा मी हलका मानत नाही. उत्तम उलटतपासणी घेणारे जे दोन-तीन वकील मी जवळून पाहिले ते सगळे असेच घडले होते. पण ज्याला असा ज्येष्ठ लाभला नाही त्याचे काय? १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये सनदेपूर्वी प्रशिक्षणाची तरतूद होती, ती १९७३च्या दुरुस्तीने गेली. १९९५मध्ये बार कौन्सिलने नियम करून एक वर्षाचे प्रशिक्षण परत आणले. १९९९मध्ये ‘व्ही. सुदीर’ निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले, कारण १९७३नंतर कौन्सिलला तसा अधिकारच उरला नव्हता. २०११पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली, तीही पर्यायांतून उत्तर निवडण्याची. मे २०२५मध्ये न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आणली. या सगळ्या वादात वर्षे मोजली गेली. त्या वर्षांत काय शिकायचे, हा प्रश्न बाजूला राहिला. ज्येष्ठाच्या मागे बॅग घेऊन तीन वर्षे तारखा मागत फिरणारा ज्युनिअरही अनुभवी ठरतो.

३. परका धडा आणि आपला पिंजरा

अमेरिकेत १९७१मध्ये खटला चालवण्याचे शिक्षण देणारी ‘नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ट्रायल ॲडव्होकसी’ स्थापन झाली. तिची पद्धत आपल्या तालमीसारखी आहे. विद्यार्थ्याने पाच-सात मिनिटे साक्षीदाराला प्रश्न विचारायचे. मग शिक्षक एकच दोष निवडतो, विद्यार्थ्याचेच शब्द त्याला जसेच्या तसे ऐकवतो, तो दोष कसा टाळावा हे सांगतो आणि का, तेही सांगतो. एका वेळी एकच गोष्ट. याच वर्तुळातले कायद्याचे प्राध्यापक अर्व्हिंग यंगर यांची उलटतपासणीची दहा सूत्रे सत्तरच्या दशकात गाजली. थोडक्यात विचारा, सोप्या शब्दांत विचारा, उत्तर ठाऊक नसेल तर विचारू नका, साक्षीदाराशी भांडू नका, आणि एक प्रश्न जास्त विचारू नका, अशी ती सूत्रे. त्यातले एक सूत्र फक्त ‘ऐका’ एवढेच सांगते.

हे धडे घेण्याजोगे आहेत, पण ते ज्युरीसमोरच्या कोर्टाचे आहेत. आपल्याकडे ज्युरी १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पुरती संपवली. मुंबईतल्या नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असा कौल दिला होता, ती हकीकत बहुतेकांना माहीत असते. ज्युरी साक्षीदाराचा चेहरा पाहते, त्याचे अडखळणे ऐकते, आणि ते ताजे असतानाच निकाल देते. आपल्याकडे साक्ष होते एका वर्षी आणि युक्तिवाद होतो कधी कधी तीन वर्षांनी. दरम्यान न्यायाधीश बदललेले असतात. नव्या न्यायाधीशांपुढे चेहरा नसतो, टंकित कागद असतो.

म्हणून आपल्या विद्यार्थ्याला अकरावे सूत्र लागेल, आणि ते माझ्या टंकलेखनाच्या टेबलावरून सुचलेले आहे : प्रश्न असा विचारावा की तो दुसऱ्याने सांगून तिसऱ्याने टंकित केला तरी शाबूत राहील. एका प्रश्नात एकच गोष्ट. प्रश्नात नकार नको. साक्षीदाराचा जो शब्द महत्त्वाचा, तो त्याच्याच बोलीत नोंदवून घेण्याचा विनयपूर्वक आग्रह. आणि साक्ष वाचून दाखवली जात असताना वकिलाचे लक्ष मोबाईलवर नको.

बोलीचा मुद्दा सर्वांत अवघड. जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी. कायद्याचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून. साक्षीदाराची भाषा या दोन्हींपेक्षा वेगळी. पोलिसांपुढच्या जबाबात ‘सदर इसम’ असतो. मी आजवर एकाही माणसाला तोंडाने ‘सदर इसम’ म्हणताना ऐकलेले नाही. तरी पुढे उलटतपासणीत त्याच जबाबाशी साक्षीदाराचे शब्द ताडून पाहिले जातात आणि फरक निघाला की तो खोटा ठरवला जातो. कित्येकदा ती विसंगती दोन माणसांच्या भाषांतली असते. हे ओळखायचे तर कायद्याच्या विद्यार्थ्याला भाषेचा कान हवा. पुरावा कायद्याच्या पुस्तकात तो मिळणार नाही.

४. रंगमंचावरचे दोन खटले

साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय आणण्याचे कारण इथे येते. मराठी माणसाने कोर्ट पाहिले ते आधी रंगमंचावर. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२चे. त्यातला लाखोबा लोखंडे आपला खटला स्वतः चालवतो, साक्षीदारांना स्वतः प्रश्न विचारतो. प्रभाकर पणशीकरांनी तो अशा बेमालूमपणे रंगवला की लाखोबाच्या हजरजबाबीपणाला टाळ्या पडत आणि टाळी वाजवणारा क्षणभर विसरे की आपण एका भामट्याला दाद देत आहोत. पण अत्र्यांनी प्रेक्षकाला एक सोय करून दिली आहे. साक्षीदार बोलू लागला की फिरता रंगमंच वळतो आणि घडलेली घटनाच समोर येते. खरे काय ते आपण पाहिलेले असते, म्हणून लाखोबाची उलटतपासणी आपल्याला गंमत वाटते.

खऱ्या कोर्टात रंगमंच फिरत नाही. घटना कोणीच पाहिलेली नसते, पाहिली असेल तर पिंजऱ्यातल्या माणसाने. लाखोबाचे कसब तिथे गमतीचे राहत नाही, ते एखाद्या खऱ्या बाईला खोटी ठरवू शकते. वकिली म्हणजे लाखोबाची जीभ, ही समजूत मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकली. एल.एल.बी.ला प्रवेश घेणाऱ्या मुलाला नातेवाईक आजही ‘बोलण्यात हुशार आहे’ असेच म्हणतात. ‘ऐकण्यात हुशार आहे’ असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

दुसरे नाटक विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले, बेणारे सुलभा देशपांडे यांनी केली. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे : मध्यमवर्गाचा दांभिकपणा, पुरुषी समाज, एकट्या बाईची शिकार. त्या सगळ्यांत एक साधी गोष्ट मागे राहते. त्या नाटकातला खटला मुळात एक शिकवणी आहे. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करणारी मंडळी गावात आली आहेत. त्यांचा एक माणूस कमी आहे. त्या जागी उभ्या करायच्या सामंत या गावकऱ्याला कोर्ट कसे चालते ते ठाऊक नाही. ते त्याला समजावे म्हणून ही तालीम सुरू होते, आणि आरोपी म्हणून बेणारे निवडली जाते.

शिकवणी म्हणून हे नाटक वाचले की ते चुकांचा पाठ होऊन बसते. वकील सुखात्मे दोन्ही बाजू स्वतःच चालवतो. न्यायाधीश काशीकर खुर्चीवरून उतरून साक्षीदार होतो. सामंत खिशातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष देतो आणि ती पुरावा म्हणून मोजली जाते. ऐकीव गोष्टी, खासगी आयुष्य, संशय, सगळे विचारले जाते आणि ‘हा प्रश्न का?’ असे कोणी विचारत नाही. सुखात्म्याची वकिली चालत नाही, हा तपशील तेंडुलकरांनी उगाच घातलेला नाही. खऱ्या कोर्टात ज्याला कोणी विचारत नाही त्याला खोट्या कोर्टात प्रश्नांची सत्ता मिळाली की तो काय करतो, हे आपण पाहतो. ‘हा फक्त खेळ आहे’ ही सबब सगळ्यांच्या हाताशी असते.

माझ्या मते हे नाटक कायद्याच्या अभ्यासक्रमात असायला हवे, आणि तेही ‘कायदा आणि साहित्य’ अशा ऐच्छिक कोपऱ्यात नको, पुरावा कायद्याच्या तासाला हवे. प्रत्येक प्रश्नाशी थांबून विद्यार्थ्याला विचारावे : इथे हरकत घेशील का? कोणत्या कारणाने? न्यायाधीश म्हणून हा प्रश्न विचारू देशील का?

५. वकिलाच्या हातून निसटलेला प्रश्न

कारण असे प्रश्न विचारू नयेत हे कायद्याने १८७२पासूनच सांगितले आहे. वाजवी आधार असल्याशिवाय साक्षीदाराच्या शीलावर घाला घालणारा प्रश्न विचारू नये, अश्लील वा बदनामीकारक प्रश्न कोर्टाने रोखावेत, अपमान करण्यासाठी विचारलेला प्रश्न नाकारावा. ही कलमे विद्यार्थी ‘टिपा लिहा’मध्ये पाच गुणांसाठी पाठ करतो. उभे राहून ती वापरण्याचा सराव त्याला कोणी देत नाही.

त्याचा परिणाम कायद्याच्या इतिहासात दिसतो. १९९६मध्ये ‘पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग’ या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की बलात्कारपीडितेची उलटतपासणी चालू असताना न्यायाधीशाने मूक प्रेक्षक राहू नये. पीडितेच्या सर्वसाधारण चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारे पोटकलम २००३मध्ये वगळले गेले. २००४च्या ‘साक्षी’ निवाड्याने अशा खटल्यांत घटनेविषयीचे उलटतपासणीचे प्रश्न लेखी न्यायाधीशाकडे द्यायला सांगितले, न्यायाधीश ते योग्य भाषेत विचारतील. २०१२च्या पोक्सो कायद्याने तर दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपले प्रश्न विशेष न्यायालयाला सांगायचे आणि न्यायालयाने ते मुलाला विचारायचे, अशीच रचना केली.

मुलांच्या बाबतीत ही रचना योग्य आहे, मला ती मागे घ्यायला नको. पण तिच्याकडे शिक्षणाच्या बाजूने पाहिले की दिसते ते असे : प्रश्न नीट विचारणे ही वकिलाची विद्या, आणि संसदेला व सर्वोच्च न्यायालयाला ती त्याच्या हातातून काढून न्यायाधीशाच्या हाती द्यावी लागली. प्रश्न कसा विचारावा याचे शिक्षण तर त्या न्यायाधीशालाही वकील असताना मिळालेले नसते. शिवाय जी साक्षीदार मूल नाही, पीडिता नाही, वाटणीच्या दाव्यातली साठीची बाई आहे, तिच्यासाठी असा पडदा नाही. तिचा भरवसा समोर उभ्या असलेल्या दोन वकिलांच्या कसबावर आणि सभ्यतेवर.

६. कासराभर दिवस

तीन वर्षांपूर्वी एका विधी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी मला खोटा साक्षीदार होण्यासाठी बोलावले. नेहमीच्या अभिरूप न्यायालयाऐवजी त्यांना विद्यार्थ्यांकडून साक्ष घेऊन पाहायची होती. मला एका शेतकऱ्याची भूमिका दिली होती. सरतपासणी घेणारी मुलगी हुशार होती, हातात प्रश्नांचा कागद होता. ‘घटना किती वाजता घडली?’ तिने विचारले. मी म्हणालो, ‘दिवस कासराभर वर आला होता.’ तिने मान हलवली आणि कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला. तिने ऐकलेच नव्हते. कासरा म्हणजे बैलाची दोरी, हेही बहुधा तिला माहीत नव्हते. तिने विचारले असते तर सांगितले असते.

प्राध्यापकांनी तिला थांबवले. तिचा प्रश्न आणि माझे उत्तर तिला पुन्हा ऐकवले, आणि कागद खाली ठेवून परत विचारायला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘काका, म्हणजे त्या वेळी तुम्ही काय करत होतात?’

‘बैलं सोडून पाण्यावर नेत होतो.’

‘रोज त्याच वेळी नेता?’

‘रोज. ऊन तापायच्या आत.’

‘मग त्या दिवशी वाटेत काय दिसलं?’

सारा वर्ग शांत झाला. मी खोटा साक्षीदार, पण त्या प्रश्नानंतर मला खरोखरच काहीतरी आठवल्यासारखे वाटले. तिसरा प्रश्न थोडा सूचक होता, समोरच्याने हरकत घ्यायला हवी होती. ती त्याने घेतली नाही, म्हणून प्राध्यापकांनी त्यालाही उभे केले. तासाभरात एवढेच झाले. खर्च शून्य.

माझे मागणे याहून मोठे नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याने किमान सहा वेळा साक्षीदाराला मराठीत प्रश्न विचारावेत : दोनदा सरतपासणी, दोनदा उलटतपासणी, एकदा फेरतपासणी, आणि एकदा स्वतः पिंजऱ्यात उभे राहून साक्ष द्यावी. साक्षीदार म्हणून दुसरे विद्यार्थी नकोत, बाहेरची माणसे बोलवावीत : रिक्षावाले, अंगणवाडीच्या ताई, बाजारात भाजी विकणारी मावशी. एका विद्यार्थ्याने न्यायाधीश होऊन साक्ष सांगावी, दुसऱ्याने टंकित करावी, आणि शेवटी तो कागद साक्षीदाराला वाचून दाखवून विचारावे, ‘तुम्ही असं म्हणालात का?’ या शेवटच्या प्रश्नाला गुण ठेवावेत. पाहण्याच्या ३० गुणांतून ते सहज काढता येतील.

आईला जाऊन आता सहा वर्षे झाली. तिच्या साक्षीची प्रमाणित नकल माझ्याकडे आहे. या लेखाच्या निमित्ताने ती पुन्हा वाचली. अडीच पाने, एकवीस वेळा ‘हे म्हणणे खरे नाही की’. त्यात तिचा स्वतःचा म्हणावा असा एकच शब्द सापडला. विहिरीला पाणी कधी लागले या प्रश्नावर ती म्हणाली होती, ‘पोळ्याला.’ न्यायाधीशांनी तारीख न घालता तो तसाच राहू दिला. त्या साक्षीत मला तिचा आवाज ऐकू येतो तो तेवढ्याच ठिकाणी.